त्या गिअरबॉक्सची निवड माझी होती

मी, खाली सही करणार, वय वर्षे एक्काहत्तर, धंदा शर्यतीच्या बोटींचे गिअरबॉक्स निवडणे, बसवणे व दुरुस्त करणे, असे लिहून ठेवतो की, माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी आजच दिला आहे. गुडघ्यांबद्दल त्यांनी काही लिहिलेले नाही. मला कोणी धाक घातलेला नाही की गोड बोलून हे लिहून घेतलेले नाही. यापूर्वीची दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांत खोटे काही नव्हते, पण खरे गाळले होते.

कलम १. राहते घर व बँकेतली शिल्लक माझ्या लेकीला. तिची आई गेल्यापासून तिनेच मला सांभाळले. स्वयंपाकघरातला नळ अजून गळतो. जगाची गळती थांबवत हिंडलो, घरात दिव्याखाली अंधार. वॉशर खिडकीत ठेवला आहे.

कलम २. सर्व हत्यारे लेकीलाच, कारण ती माझ्यापेक्षा हलक्या हाताने काम करते. पलीकडच्या गल्लीत स्वस्तात दुरुस्ती करणाऱ्या ‘स्वस्तवाल्या’ने बेअरिंग ओढून काढायचा माझा पुलर अकरा वर्षांपूर्वी तासाभरासाठी नेला. तोच त्याचा वाटा समजावा.

कलम ३. लेकीस सूचना. गिऱ्हाईक इंजिनाचे हॉर्सपॉवर सांगत येईल. नुसत्या त्या आकड्यावर गिअरबॉक्स निवडू नये. बोट किती जड, भर वेगात किती वेळ चालणार, लाटांवरून किती उडणार, हे विचारावे. बोट हवेत गेली की तिचा पाण्यातला पंखा मोकळा फिरतो आणि पाण्यात पडताच एकदम अडतो. तो हिसका गिअरच्या दातांना सोसावा लागतो. म्हणून हिशेबापेक्षा एक माप मोठा घ्यावा. वजन वाढले म्हणून बोटमालक कुरकुरेल, त्याला कुरकुरू द्यावे. मी एकदा वजन वाचवले, त्याचे पुढे लिहितो.

कलम ४. एकोणीस वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ एका मालकाची शर्यतीची लाल बोट चालवायचा. मालकाने दोन्ही इंजिने बदलून ताकद दीडपट केली. गिअरबॉक्स मात्र मी जुनेच ठेवले. बोट हलकी राहावी, पहिली यावी आणि लोकांनी माझे नाव विचारावे, हा मोह. सरावानंतर धाकटा म्हणाला, “दादा, डावीकडून खरखर येतेय रे. जरा उघडून बघ ना.”

“तू सुकाणू सांभाळ, आतलं मी बघतो,” मी म्हणालो. पण मी उघडलेच नाही.

शर्यतीत वळणावर डावा गिअर तुटला. बोट गर्रकन फिरून धक्क्यावर आदळली. बोटीत बसलेल्या मालकाचा पाय गेला. शर्यत मंडळाच्या चौकशीत मी सांगितले, “चालकाने भर वेगात रिव्हर्स टाकला.” धाकटा समोरच्या बाकावर होता. त्याने माझ्याकडे पाहिले, पण ब्र काढला नाही. वडिलांच्या मागे मी त्याला वाढवले होते ना. त्यानंतर कोणी त्याच्या हाती बोट दिली नाही. तेव्हापासून तो बंदरावर दुसऱ्यांच्या बोटी धुतो.

तुटलेला दात मी त्याच दिवशी पाहिला होता. एका हिसक्यात मोडलेला दात सगळा ताजा, खडबडीत दिसतो. हा अर्धा काळपट, गुळगुळीत होता, म्हणजे कित्येक दिवस आतून चिरत आलेला. तो गिअर माझ्या कपाटात, खालच्या खणात, फडक्यात बांधलेला आहे. माझ्या मृत्यूनंतर तो व या कलमाची नक्कल शर्यत मंडळाला द्यावी. चूक माझी होती आणि खापर मी सख्ख्या भावावर फोडले. मला याचे रोज वाईट वाटले आणि रोज मी भ्यालो.

कलम ५. कारखाना धाकट्या भावाला.

कलम ६. कलम ५ रद्द. आज त्याला बोलावून कलम ४ वाचून दाखवले. त्याने कागद हातात घेऊन शेवटचे पान उलटले. मग विचारले, “साक्षीदार कोण?”

हे मृत्युपत्र करून देणाऱ्या वकीलबाई म्हणाल्या, “तुम्ही चालणार नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही.”

“मग कारखाना काढा त्यातून. मला ह्याच्याखाली सही करायचीय.”

“अरे, एवढं तरी घे,” मी म्हणालो.

“तू मेल्यावर लोकांना कळवणार होतास होय? आणि तोवर मी बोटी धूत बसू?”

म्हणून कारखाना लेकीला. गिअर व नक्कल मंडळात पोचवायला माझ्या मरणाची वाट पाहू नये. उद्या सकाळी मी स्वतः घेऊन जाईन. भावाने मला माफ केले, असे कोणी समजू नये. तसे तो बोललेला नाही.

वरचे सगळे वाचून, पटून, माझ्याच हाताने सही केली.

स्थळ: कारखान्यावरची खोली
दिनांक: अकरा, मंगळवार
सही: मृत्युपत्र करणारा

साक्षीदार १: समोरच्या दुकानातले औषधवाले. व्यवसाय: औषधविक्री. (सही)

साक्षीदार २: मृत्युपत्र करणाऱ्याचा धाकटा भाऊ. व्यवसाय, त्याने स्वतःच्या हाताने लिहिल्याप्रमाणे: बोटचालक. (सही)