रविवारचं कडकट्ट

॥ श्री ॥

ताम्हिणी, ४ ऑगस्ट १९५८

चि. नथूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. म्हणजे पाऊस कोसळतोय आणि मी सेटापुढे चरफडतोय. जुन्या बाजारातून आणलेल्या लष्करी वायरलेस सेटात नवे व्हॉल्व्ह बसवले, कॉइल पुन्हा गुंडाळली. आवाज सुधारला, पण तुझं मोर्सचं कडकट्ट बिघडलं. तू मुळात घाईचा. शेवटचं अक्षर एस.टी. सुटत असल्यासारखं पळवायचास. चावी मारायला मीच शिकवलं, त्यापायी शिव्याही मीच दिल्या. हल्ली दर रविवारी जबलपूरहून एकेक ठोका मोजूनमापून येतो. माझा सेटच तुझी घाई खात असावा. मला चैन नाही.

आणि पत्रातलं तुझं अक्षर एकाएकी सुवाच्य कसं झालं? तुझ्या वहिनीला, गोजराला, वाटतं की भावजींना कुणी मास्तरीण भेटली.

लोभ आहेच, घाई तेवढी परत पाठव.

तुझा दादा,
भिवाजी

॥ श्री ॥

जबलपूर, १४ ऑगस्ट

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

मास्तरीण नाही, शेजारच्या खोलीतला भैरू आहे. आपल्यासारखाच वायरलेसचा परवाना काढलेला हौशी. कारखान्यात जादा पाळ्या आहेत, म्हणून मी सांगतो आणि तो लिहितो. दोष तुमच्या सेटातच असणार. कंडेन्सर बदलून पाहा.

दसऱ्याला रजा मिळणार नाही, आईला सांगा. वहिनींची थट्टा पोचली. अशीच माया असू द्या.

आपला,
नथू

ताम्हिणी, १ सप्टेंबर

चि. नथूस आशीर्वाद.

कंडेन्सर बदलला. एरियलची तार जांभळावरून आंब्यावर नेली, निसरड्या फांदीवरून पडता पडता वाचलो. मुळशीच्या धरणाची वीज मुंबईला जाते आणि मी बॅटरी भरून आणायला एस.टी.नं पुण्याला जातो. गोजरानं बजावलंय, आणखी एक स्क्रू काढलात तर सेट ओढ्यात टाकीन.

काल सेट पुरता उघडून बसलो होतो. शेजारी तुझं पत्र पडलं होतं. ते अक्षर पुन्हा पुन्हा बघितलं. भैरूचं लिहिणं आणि रविवारचं कडकट्ट सारखंच नेटकं आहे. नथू, चावीवर कोण बसतं? मी रागावलो नाही, फार घाबरलोय. असेल ते खरं लिही.

दादा

जबलपूर, १८ सप्टेंबर

दादा,

हे डाव्या हातानं लिहितोय. जूनमध्ये मशिनीत उजव्या हाताची चार बोटं गेली. निरोप माझे असतात, चावीवर भैरू बसतो. तुमचा कान ठाऊक असूनही फसवायला गेलो आणि तुम्हाला झाडावर चढवलं. रजेचंही खोटं सांगितलं. दसऱ्याला पंगतीत कुठल्या हातानं जेवू?

नथू

॥ श्री ॥

ताम्हिणी, २९ सप्टेंबर

चि. नथूस अनेक आशीर्वाद.

पत्र आईला वाचून दाखवलं. संध्याकाळी म्हणाली की त्याला लिव्ह, पंगतीत माज्या शेजारी बसायचं आन् डाव्या हातानं जेवायचं, कोण काय म्हणतंय ते मी बघते. मी परसात जाऊन रडलो, हे वहिनीला कळवू नकोस.

काल रविवारी भैरूनं सुरुवात केली तेव्हा मी मधेच थांबवून तुला चावीवर बसायला सांगितलं. बराच वेळ नुसती खरखर. उठून जावंसं वाटलं, पण बसून राहिलो. मग कडकट्ट आलं. अडखळत होतं, दर अक्षराला चुकत होतं. पण स्वतःच्या नावातलं शेवटचं अक्षर मात्र पळवलंस.

आई दारातून विचारत होती, सेट सुधारला का. सुधारला म्हणून सांगितलं.

दसऱ्याला वाट बघतो. येताना भैरूलाही आण.

तुझा दादा,
भिवाजी