डावीकडे सायकल

३ फेब्रुवारी, सोमवार

गाडीच्या डाव्या दारावर नवा ओरखडा. चांगला वीतभर. सकाळी निघताना दिसला. काल संध्याकाळी बाबा भाजी आणायला गाडी घेऊन गेले होते. म्हणजे झालंच.

विचारलं तर म्हणाले, "मी नाही लावला." एवढंच. पेपरातून मान वर केली नाही.

एकतीस वर्षं रुग्णवाहिका चालवली या माणसाने. कधी साधा पोचा आला नाही. ऐंशीव्या वर्षी स्वतःच्याच गाडीचं दार खरवडलं हे कबूल करणं जड जात असणार. कळतं मला. पण म्हणून खोटं बोलायचं?

४ फेब्रुवारी, मंगळवार

बॅटरी उतरली. या महिनाभरात दुसऱ्यांदा. शेजाऱ्यांच्या गाडीला वायरी जोडून कशीबशी सुरू केली. इस्पितळात पोचेपर्यंत माझ्या खोलीबाहेर चार पेशंट ताटकळलेले.

पहिले एक आजोबा. सुनेने धरून आणलेले. म्हणाले, "मला व्यवस्थित ऐकू येतं हो, हीच तोंडातल्या तोंडात बोलते." बसवलं त्यांना बंद खोलीत, कानाला हेडफोन लावला, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबा. मी आवाज सोडतेय, वाढवतेय — आणि आजोबा काचेपलीकडे शांत हसत बसलेले. त्यांना वाटत होतं, तपासणी अजून सुरूच झाली नाही.

सत्तावीस वर्षं कान तपासतेय. हे हसू काही बघवत नाही.

दिवसभर बाबा डोळ्यांसमोर.

९ फेब्रुवारी, रविवार

दादाचा फोन. ओरखड्याचं सांगितलं, उगाच सांगितलं.

"बाबांची गाडी बंद कर," म्हणाला. "उद्या कुणाला उडवलं म्हणजे?"

"तू येऊन सांग."

"अगं, तू जवळ आहेस ना."

हे त्याचं ठरलेलं. शंभर किलोमीटरवर राहतो, पाण्याचे पंप विकत गावोगाव हिंडतो, आठवड्याला हजार किलोमीटर गाडी हाकतो — पण इकडच्या रस्त्याला लागायचं म्हटलं की त्याला वेळ नसतो. धाकटी मी. कडू औषध पाजायचं काम मात्र माझ्याकडे.

पण बोलला ते खरंच आहे.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज बोलणार होते. नाही बोलले.

१५ फेब्रुवारी, शनिवार

बोलले.

सकाळी बघते तर डाव्या आरशाचं कवच फुटलेलं. आत काच शाबूत, बाहेरून तडा. काल दुपारी माझी सुट्टी होती, बाबा गाडी घेऊन जुन्या सहकाऱ्याला भेटायला गेले होते. आता आणखी काय पुरावा हवा?

चहा झाल्यावर समोर बसले. सगळं पाठ करून ठेवलं होतं, त्यातलं अर्धंच तोंडातून आलं. मी वयाचं म्हणाले, रहदारीचं म्हणाले. दादालाही काळजी वाटते म्हणाले — म्हणजे दोघांचं वजन पडेल.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आरसा मी तोडला असं म्हणतेस?"

"नाहीतर कुणी?"

ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. एखादा पत्ता आठवत असल्यासारखे. मग उठले, खुंटीवरची किल्ली काढली, खिशातल्या रुमालाने पुसली आणि माझ्यापुढे ठेवली.

"बरं," म्हणाले.

मला वाटलं होतं भांडतील. भांडले असते तर बरं झालं असतं.

जरा वेळाने आतल्या खोलीतून आवाज — "क्लचवर पाय ठेवून चालवतेस तू. प्लेटा जळतील."

१६ फेब्रुवारी, रविवार

नेहमीसारखी सकाळी गाडी धुतली त्यांनी. मग दार उघडं टाकून चालकाच्या सीटवर बसून पेपर वाचला. सगळा. जाहिरातींसकट.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आठवडाभर एक नवीनच. मी कुठेही निघाले की बाबा चपला घालून तयार. बँकेत — "मलाही पासबुक भरायचंय." दळणाला — "पाय मोकळे होतील." शेजारच्या सीटवर बसतात, पट्टा लावतात आणि सुरू होतात.

"डावीकडे सायकल."

"दिसली बाबा."

"डावीकडे आजी आहेत. हळू."

"हो बाबा."

"डावीकडे रिक्षा घुसतेय."

किल्ली दिली, पण गाडी काही सोडली नाही! एखाद्या रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखं चालू असतं. उजवीकडचं मात्र काही सांगत नाहीत. उजवीकडचं जग बहुधा त्यांनी माझ्यावर सोडलंय.

१ मार्च, शनिवार

आता कामावरही सोबत येतात. इस्पितळाच्या फाटकापाशी उतरतात आणि बसने परत जातात. आणि संध्याकाळी पाचला पुन्हा बसने येऊन फाटकापाशी उभे. "त्या बाजूला काम होतं." रोज कसलं काम?

दादा म्हणतो, "सवय जात नाही गं त्यांची. एकटे पडलेत. घे सांभाळून."

सांभाळून घेतेच आहे. पण काल सुटला माझा तोल. सिग्नलपाशी त्यांनी तिसऱ्यांदा "डावीकडे, डावीकडे" केलं तेव्हा मी म्हणाले, "बाबा, मला डोळे आहेत."

माझ्याकडे वळून बघितलं त्यांनी. काहीतरी ओठांवर आलं होतं. मग समोर बघायला लागले. "हो," म्हणाले. "आहेत ना."

आमच्या वळणावर तेवढं, अगदी हळू — "डावीकडे मांजर."

६ मार्च, गुरुवार

आजचं लिहायलाच हवं.

बाबांना सर्दीताप. सकाळी म्हणाले, "आज बसने जा." का, तर म्हणे गाडीला विश्रांती. मी हसले आणि गाडी काढली. खरं सांगायचं तर आनंद झाला होता. रेडिओ लावला. एकटी, आपली आपण.

इस्पितळाच्या अलीकडे डावं वळण. वळले — आणि बॉनेटवर धाडकन हात आपटला कुणीतरी. ब्रेक दाबला. समोर एक बाई, हातात बाबागाडी. गाडीच्या नाकापासून वीतभरावर. बाळ झोपलेलं होतं. त्याची झोपसुद्धा मोडली नाही.

"दिसत नाही का?" बाई म्हणाली. ओरडली नाही.

उतरले, माफी मागितली, पुन्हा मागितली. ती निघून गेली. मी तिथेच उभी. मागचे हॉर्न वाजवत होते.

रिकामा होता रस्ता. मी बघितलं होतं, शपथ. रिकामा होता आणि मग ती होती. मध्ये काहीच नाही.

बाबांना सांगितलं नाही. संध्याकाळी त्यांनी विचारलं, "नीट पोचलीस?" म्हटलं, हो.

११ मार्च, मंगळवार

गाडी मिस्त्रीकडे नेली. क्लच जड झालाय (प्लेटा गेल्या आहेत. बाबांना सांगायचं जिवावर आलंय). आरशाचं कवचही बदलायचं होतं.

मिस्त्री दारापाशी उकिडवा बसला, ओरखड्यावर नख फिरवलं. "ताई, हा पिवळा रंग कुठला?"

"कुठला पिवळा?"

दाखवला त्याने. ओरखड्याच्या खाचेत बारीक पिवळी रेघ. फुटलेल्या कवचावरही तसाच डाग.

"खांबाला घासलीये," म्हणाला. "एकाच खांबाला. दोनदा."

पिवळे खांब आमच्या इस्पितळाच्या तळघरात आहेत, गाड्या लावतो तिथे. बाबा तिथे कधी गाडी घेऊन गेलेले नाहीत. ते याच इस्पितळातून निवृत्त झाले तेव्हा ते तळघर नव्हतंच.

१२ मार्च, बुधवार

सकाळी बसने गेले आणि आधी तळघरात उतरले. माझ्या जागेच्या डाव्या हाताचा खांब. त्यावर आमच्या गाडीचा निळा रंग. खाली एक रेघ दाराच्या उंचीवर. वर एक डाग, आरशाच्या उंचीवर. रेघेवर धूळ बसलेली होती.

बोटाने पुसून बघितलं. का कुणास ठाऊक.

संध्याकाळी बाबा फाटकापाशी होतेच. दोघं बसने परत आलो. घरी आल्यावर सांगितलं — खांब, ओरखडा, आरसा. मग बाबागाडीचंही सांगितलं. ते सांगताना रडू आलं.

बाबा म्हणाले, "मला वाटलंच होतं."

"कधीपासून?"

"तू किल्ली मागितलीस त्या दिवशी. तू चहाचा कप टेबलाच्या डाव्या कडेला ठेवलास, तो अर्धा बाहेर होता. मी आत सरकवला. तुला कळलंही नाही. मग गाडीत बसून बघितलं. उजवीकडचं सगळं दिसतं तुला. डावीकडचं उशिरा."

"मग बोलला का नाहीत?"

म्हणाले, "काय बोलणार होतो? आदल्या दिवशी किल्ली काढून घेतलेला म्हातारा म्हणतो, मला नाही, तुलाच दिसत नाही. तू मानलं असतंस?"

नसतं मानलं. किल्लीसाठी चाललंय सगळं, असंच म्हटलं असतं. दादाला फोन करून हसले असते.

"म्हणून सोबत येत होतो," म्हणाले. "पण त्या दिवशी ताप होता तरी यायला हवं होतं. चुकलंच माझं."

त्यांचं चुकलं म्हणे.

१४ मार्च, शुक्रवार

डोळ्यांचा विभाग आमच्याच इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावर. सत्तावीस वर्षांत कधी पायरी चढले नव्हते.

अंधारी खोली. एका पांढऱ्या घमेल्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, समोरच्या ठिपक्याकडे बघत राहायचं. हातात बटण. "उजेड दिसला की दाबा," तिथली मुलगी म्हणाली. माझंच वाक्य. माझ्याच सुरात.

उजव्या डोळ्याला दाबत होते बऱ्यापैकी. मग डावा डोळा. दोनचार उजेड दिसले. मग काहीच नाही. शांत. मला वाटलं यंत्र थांबलं, की ती कागद बदलतेय. वाट बघत बसले.

आणि मग त्या शांततेत यंत्राची बारीक टिकटिक ऐकू आली. कान चांगले आहेत माझे. टिक — टिक — टिक. उजेड सुटत होते, एकामागून एक, आणि मी हसतमुखाने बसले होते.

काचबिंदू. डाव्या डोळ्याची बाजूची नजर बरीचशी गेली आहे. गेलेली येत नाही. उजव्यात सुरुवात आहे. रोज थेंब घालायचे, राहिलेलं टिकेल. गाडी चालवायची नाही.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात कुणाला होतं?"

मी नाही म्हणणार तेवढ्यात सोबत आलेले बाबा म्हणाले, "हिच्या आईला असणार."

"आईला?"

"ती दारांना धडकायची," बाबा म्हणाले. "शेवटची पाचसहा वर्षं. आम्ही तिघं हसायचो. तीही हसायची." मग म्हणाले, "कधी तपासून घेतलंच नाही."

हसायचो. मला आठवतं. दादा तिला 'झुकती गाडी' म्हणायचा.

निघताना बाई म्हणाल्या, सख्ख्या भावंडांनी तपासून घ्यायलाच हवं. आणि बाबांचेही डोळे तपासले, आलोच आहोत तर. मोतीबिंदू काढल्यापासून त्यांची नजर लख्ख. "या वयात असे डोळे कमी बघायला मिळतात," म्हणाल्या. बाबांनी नुसती मान हलवली. मला वाटलं होतं माझ्याकडे बघतील. नाही बघितलं.

१५ मार्च, शनिवार

किल्ली मी परत खुंटीला अडकवली. काय बोलायचं ते ठरवत होते, तर बाबा म्हणाले, "थेंब घातलेस का?"

नंतर मीच म्हणून टाकलं. "बाबा, मला माफ करा."

"कशाबद्दल?"

"तुम्हाला खोटं ठरवलं."

"रुग्णवाहिकेत लोक काय काय बोलायचे मला," म्हणाले. "घाबरलेल्या माणसाचं मनावर घ्यायचं नसतं."

१७ मार्च, सोमवार

दादाला सांगितलं. आधी माझ्यासाठी हळहळला, खरंच हळहळला. मग म्हटलं, तूही तपासून घे.

"मला काही होत नाही. हजार किलोमीटर चालवतो आठवड्याला."

"तेच म्हणतेय."

"बघू. मार्चअखेर आहे, फार काम आहे."

तीन वेळा सांगितलं. तीनही वेळा "बघू". शेवटी म्हटलं, आई दारांना धडकायची ते आठवतं? मग म्हणाला, "ठेवतो."

२१ मार्च, शुक्रवार

आता कामावर बाबा सोडतात. मी डावीकडे बसते. ते काहीही सूचना न देता, काहीही सूचना न घेता चालवतात. क्लच नवीन टाकलाय. गाडी लोण्यासारखी चालते. प्लेटांचं त्यांनी एका शब्दाने काढलं नाही, पण गिअर टाकताना भुवई जरा उचलतात!

थेंब झोंबतात.

२९ मार्च, शनिवार

दुपारी दादाचा फोन. डोळ्यांच्या दवाखान्याबाहेरून, रस्त्यावरूनच. त्याचंही तेच निघालं. दोन्ही डोळ्यांत, आणि माझ्यापेक्षा पुढे गेलेलं. गाडीला हात लावायचा नाही असं बजावलंय. "समोरच उभी आहे गं," म्हणाला, "आता मी काय करू?" दादाला असं विचारताना मी आजवर ऐकलं नव्हतं.

बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला. "सावलीत बस," म्हणाले. "आम्ही निघालो."