आदरणीय घर क्रमांक दोन

४ जानेवारी, सकाळ

प्रिय घर क्रमांक दोन,

माझ्या फोनमध्ये तुझे संपूर्ण नाव असे आहे. फोन घेतला तेव्हा आपल्याकडे भिंतीवरचाही एक फोन होता. तो क्रमांक एक आणि तुझा क्रमांक दोन. भिंतीवरचा पुढे काढून टाकला, तरी तुला बढती द्यायची राहून गेली. ही गोष्ट तू एकदा हसण्यावारी नेली होतीस. एकदा नव्हती.

आजपासून रोजनिशी लिहिण्याचा निश्चय केला आहे. लेक फोनवर म्हणते, "बाबा, मन मोकळं करा हो." मन मोकळे करणे माझ्या स्वभावात बसत नाही. नोंद ठेवणे बसते.

पहिली नोंद. तू गेलीस त्या दुपारी मी सोसायटीच्या वार्षिक सभेत होतो. तुझा व्हॉइस मेसेज आला. ज्याला लिहिता येते त्याने बोलून पाठवू नये, हे माझे मत तुला ठाऊक होते. मी उत्तर दिले : "कृपया लेखी कळवावे." दोन निळ्या खुणा उमटल्या. लेखी काही आले नाही. पुढे सभेतच निरोप आला की तू स्वयंपाकघरात कोसळलीस. सभा तिथेच संपली आणि सचिवपद माझ्याकडे कायम राहिले. विरोधात एकही आवाज उठला नाही.

तो मेसेज मी अद्याप ऐकलेला नाही. १४ मार्चला, तुझ्या वाढदिवशी, इस्त्रीचा सदरा घालून, खुर्चीत ताठ बसून ऐकेन. काय असेल याचा मला साधारण अंदाज आहे. इतक्या वर्षांच्या संसारानंतर माणूस कृतज्ञताच व्यक्त करतो.

९ जानेवारी

तुझा फोन पुसून कोरा केला. दिवंगत व्यक्तीचा पत्रव्यवहार वाचणे असभ्यपणाचे आहे, म्हणून काहीही न वाचता पुसला. एक ग्रुप तेवढा ओघाने दिसला. नाव 'मोकळा श्वास'. स्थापना : तू. सभासद : आपल्या इमारतीतले सर्व, पहारेकऱ्यासह. मी नव्हतो. श्वसनाच्या व्यायामाचा ग्रुप असावा. मला दम्याचा त्रास नाही, म्हणून घेतले नसेल.

कोरा फोन सोसायटीच्या कामाला लावला. सूचना आता तुझ्या क्रमांकावरून जातील. चांगला चालू क्रमांक वाया घालवणे बरे नव्हे.

१५ जानेवारी

शिवणवाल्या वहिनी, म्हणजे तुझी दुसऱ्या मजल्यावरची मैत्रीण, कार्यालयात येऊन दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "भाऊजी, रोज सकाळी ताईंचा हसरा फोटो येतो आणि खाली लिहिलेलं असतं, 'जिन्यात चपला ठेवू नयेत.' छातीत धस्स होतं हो. काल सुई बोटात गेली."

मशीन चालवताना फोन पाहू नये, अशी सूचना मी तत्काळ काढली. तुझ्याच क्रमांकावरून.

२२ जानेवारी

मेसेजद्वारे होणाऱ्या फसवणुकीविषयी कार्यालयात माझे व्याख्यान. विषय माझ्या हातचा. आयुष्यभर वजनमापे निरीक्षक होतो. काट्याखाली चिकटवलेले शिसे मी पारडे हलण्याच्या ढंगावरून ओळखत असे. लबाड दुकानदार आणि लबाड मेसेज यांत फरक नाही, दोघेही आधी गोड बोलतात. फोनवर आलेला गुप्त अंक कोणालाही सांगू नये, हा मुद्दा मी तीन वेळा, चढत्या आवाजात मांडला.

उपस्थिती माफक. खजिनदार झोपले होते. पहारेकरी शेवटपर्यंत थांबला, कारण कुलूप त्याला तपासायचे होते. त्याच्या मते मी ते अर्धवट लावतो. याला काही आधार नाही.

रात्री लेकीने विचारले, मेसेजेसचा बॅकअप घेतला आहे का. मी बजावले की माझा खाजगी पत्रव्यवहार परक्या देशातल्या कुठल्याशा यंत्रात ठेवण्याइतका मी खुळा नाही. ती म्हणाली, "आईचा मेसेज आहे त्यात, बाबा. निदान मला तरी पाठवून ठेवा." तो मला उद्देशून आहे, असे मी स्पष्ट केले. तिने फोन ठेवला. रेंज गेली असावी.

३ फेब्रुवारी, दुपार

निवडणुकीच्या एका उमेदवाराचा प्रचारक भेटायला आला. खुर्चीच्या कडेवर बसला. संस्कारी तरुण. 'मतदार जागृती'साठी सभासदांचे फोन नंबर मागितले. मी सपशेल नकार दिला. खाजगी माहितीचे महत्त्व त्याला समजावून सांगितले. तो मान डोलावत राहिला आणि शेवटी म्हणाला, "सर, प्रत्येक इमारतीत एकच माणूस असा असतो की ज्याच्या शब्दाला वजन असतं. आमचे साहेब अशांनाच शोधतायत."

वजन हा शब्द त्याने नेमका वापरला.

तत्त्व आणि लोकहित यांचा मेळ घालून मी त्याला फोन दिला. त्याने दोन बोटे फिरवली आणि सगळी यादी घेतली. पावती मात्र द्यायला विसरला.

८ फेब्रुवारी

इमारतीत अकारण कल्लोळ. प्रचाराचे मेसेज यंत्राने जातात आणि प्रत्येकाच्या आधी त्याचे नाव आपोआप लागते. यंत्राने नावे माझ्या फोनमधून जशीच्या तशी उचलली. मी माणसे त्यांच्या ठळक गुणावरून नोंदवतो; निरीक्षकाची जुनी सवय.

शिवणवाल्या वहिनींना आले : "आदरणीय मशीनची खडखड, आपले मत अमूल्य आहे." खजिनदारांना : "आदरणीय बिनकामाचा खजिनदार, बदलाची वेळ आली आहे." चौथ्या मजल्यावरच्या डॉक्टरबाई 'आदरणीय तोंडाळ' झाल्या. पहारेकरी 'आदरणीय झोपाळू'. जावयांना परगावी मेसेज गेला : "आदरणीय जावई (नाइलाज), परिवर्तन आपल्या हाती." लेकीने त्यावर फक्त टिंबे पाठवली.

तुलाही आला. "आदरणीय घर क्रमांक दोन (दिवंगत), मतदानाला अवश्य या."

संध्याकाळी विरोधी उमेदवाराची माणसे फाटकावर जमली. घोषणा : "मतदारांची माहिती विकणाऱ्या सचिवाचा धिक्कार असो!" मी गच्चीवरून त्यांची चूक दुरुस्त केली. विकलेली नाही, मोफत दिली आहे. यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या. सत्य ठामपणे मांडले की विरोधकही मानतात.

१० फेब्रुवारी

जिन्यात खजिनदारांनी वाट अडवली. म्हणाले, "बिनकामाचा आहे ना मी? मग आता एक काम करतो बघा." त्यांना कामाचा हुरूप आला, हे चांगले लक्षण.

१७ फेब्रुवारी, सकाळी ११.१०

महत्त्वाची कामगिरी पार पाडली.

फोन कंपनीच्या अधिकाऱ्याचा कॉल. "काका, 'घर क्रमांक दोन' हा नंबर तुमच्या दिवंगत पत्नीचा ना?" हे नाव तुझ्यामाझ्याखेरीज कोणाला ठाऊक? अधिकारी अस्सल असल्याची खात्री पटली. तो म्हणाला, धारक हयात नसल्याने क्रमांक बंद होणार आणि त्यावरून आलेले सर्व मेसेज माझ्या फोनमधून आपोआप नष्ट होणार. व्हॉइस मेसेजसुद्धा? मी विचारले. तो म्हणाला, "ते तर सगळ्यात आधी, काका."

मी कागद आणि पेन पुढे ओढले.

उपाय त्यानेच सांगितला. माझ्या फोनवर गुप्त अंक येईल तो कळवायचा, मग ॲप काढून टाकायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यायचे. सर्व सुरक्षित राहील. असे अंक सांगू नयेत हा नियम मीच केलेला आहे आणि अपवाद करण्याचा अधिकार नियम करणाऱ्याला असतो. अंक मी सावकाश, स्पष्ट उच्चारात सांगितले आणि त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतले. तिसऱ्या अंकात तो चुकला होता. मी सुधारला.

तुझा मेसेज वाचवला.

१८ फेब्रुवारी

ॲप पुन्हा घेतले. उघडत नाही. अधिकारी फोन उचलत नाही. सुटीवर असावा.

२० फेब्रुवारी

लेकीने तिकडून धडपड करून ॲप सुरू करून दिले. आत काहीही नाही. तुझ्या नावापुढे कोरी जागा आणि करड्या अक्षरांत : "येथे अद्याप संदेश नाहीत." तिने विचारले, "बॅकअप?" मी फोन दुसऱ्या कानाला लावला. ती रडत होती की रेंज खराब होती, हे नक्की सांगता येत नाही.

दरम्यान कळले ते असे. मधल्या काळात कोणी भामटा माझ्या नावाने साऱ्या इमारतीला लिहीत होता : मी इस्पितळात आहे, तातडीची मदत हवी. त्याला एकाही सभासदाने छदामही पाठवला नाही. माझ्या व्याख्यानाचा हा निर्विवाद विजय.

खजिनदार म्हणाले, व्याख्यानाचा काही संबंध नाही. "इस्पितळात आहे" इथवर वाचूनच लोकांनी फोन खाली ठेवले. डॉक्टरबाईंनी भर घातली, "पण माणूस सभ्य हो. दर वाक्याला कृपया, धन्यवाद. मी म्हटलं, सचिव सुधारले की काय!" पहारेकऱ्याला त्याने तब्येत विचारली म्हणे. पहारेकरी अजून त्याची आठवण काढतो.

मेसेज तुझ्या फोनमध्येही असायला हवा, हे दुपारी लक्षात आले. मग ९ जानेवारी आठवला.

१४ मार्च

इस्त्रीचा सदरा. खुर्ची. ताठ बसलो. ठरल्याप्रमाणे.

करडी अक्षरे पुन्हा वाचली. मेसेजमधला मजकूर मला साधारण माहीतच आहे, त्यामुळे प्रत्यक्ष ऐकण्याने फारसा फरक पडला नसता. बटणे काढायला बराच वेळ लागला.

१६ मार्च

विशेष सर्वसाधारण सभा. खजिनदारांनी केलेले काम हेच. मला सचिवपदावरून दूर करण्याचा ठराव. बाजूने सर्व. मी तटस्थ.

मी निदर्शनास आणले की मागील सभेत माझ्याविरुद्ध ब्र निघाला नव्हता. मग पहारेकरीच म्हणाला, "साहेब, हा ठराव त्याच दिवशी येणार होता. ताईंचा निरोप आला आणि कुणाची जीभ रेटेना."

सभा पांगली. शिवणवाल्या वहिनी मागे राहिल्या. त्यांनी विचारले, तो मेसेज खरंच गेला का. मी होकार दिला. त्या म्हणाल्या, "त्या दुपारी तुम्ही उत्तर पाठवलंत ना, ते बघून ताईंनी तुमचं उत्तर नि स्वतःचा आवाज, दोन्ही मला पाठवलं. वर लिहिलं, 'बघ गं, हा माणूस.' माझ्याकडे आहे." मग फोन पुढे धरून म्हणाल्या, "वाजवू? का लेखी देऊ?"

मी वाजवायला सांगितले. तुझा आवाज, मागे नळ चालू. जसाच्या तसा उतरवून घेतो :

"अहो, ऐका, आणि लिहून पाठव म्हणू नका, हात ओले आहेत. आज सभेत तुम्हाला काढणार आहेत. सगळे आधी माझ्याकडे आले होते, मी म्हटलं मी सांगते त्यांना. चारचौघांत शोभा नको. तुम्हीच आपणहून सोडा. चार शब्द गोड बोला, जमलं तर. कुलूप लावा, नीट ओढून बघा, अर्धवट लावता तुम्ही. किल्ल्या देऊन टाका आणि सरळ घरी या. मला जरा बरं वाटत नाहीये आज."

आणखी काही नाही. नळाचा आवाज थोडा वेळ येतो.

वहिनींनी विचारले, पाठवू का तुम्हाला. मी म्हटले, "कृपया." पुढे काय म्हणावयाचे होते ते आठवत नाही.

१७ मार्च, सकाळ

कार्यालयाला कुलूप लावले. ओढून पाहिले. उघडले. पुन्हा लावले, पुन्हा ओढून पाहिले. किल्ल्या परत केल्या.