आधी मीच जाऊन बघितलं

कर्वेनगर, पुणे

चि. बद्रीनाथ यास थोरल्या अक्काचा आशीर्वाद. मी धडधाकट आहे.

तुझी कावेरी जाऊन आठ महिने झाले, तू पारावर जात नाहीस, ताट अर्धं सारतोस, असं तुझ्या सुनेनं कळवलं. आपली राजनंदिनी इथं काउन्सेलिंगचंच काम करते, म्हणून तिला म्हटलं, "मामाआजोबाला बोलतं कर." तर म्हणते, "आजी, घरच्यांचं काउन्सेलिंग आम्हाला चालत नाही." नातीला एवढं शिकवलं, ते परक्यांसाठी!

तिनं शेफालीबाईंचं नाव दिलं. मी आधी स्वतः गेले. मुलगी बघायला गेल्यासारखं सगळं विचारलं. मानसशास्त्रात एम.ए., मग दोन वर्षं दवाखान्यात मोठ्या बाईंच्या हाताखाली काम. अजून दर पंधरा दिवसांनी त्यांच्याकडे जाऊन आपलं कुठं चुकलं ते विचारते. चूक कबूल करणारं माणूस मी पुण्यात पहिल्यांदाच पाहिलं.

गोळ्या देत नाही, उपदेश करत नाही, ऐकते. तुला वेडा कोणी म्हणणार नाही. ते काम साठ वर्षं मीच करतेय.

निघताना तिनं मलाच विचारलं, "आजी, तुम्ही कुणाशी बोलता?" मी पायात घातलेली चप्पल काढून परत खुर्चीत बसले.

तुझ्यासाठी गुरुवारी अकराची वेळ घेतली आहे. बुधवारच्या एस.टी.नं ये. गावात सांग, अक्काच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. ज्वारीचं पीठ आण, इथल्या पिठाची भाकरी थापताना फाटते. शेळी व्याली का?

बाराची वेळ मी माझ्यासाठी घेतली आहे. कारण विचारू नकोस.

तुझा कान अजून पिळू शकणारी,
मुक्ताअक्का