मधला डबा शेवटी

शुक्र. ५ मे, केज
संघात दूध रोडावलंय, जनावरं छावणीत. चेअरमन दौऱ्यावर, म्हणून तीनच्या खेळाला सटकलो. पुण्यात लागून तीनच आठवडे झालेला पिक्चर केजला लागतो म्हणजे आमच्या टॉकीजची चैनच. नाईकवाडे सरांनी अंबाजोगाईला बाराचा बघितला. प्रिंट एकच, तिथे रिळांचा एक डबा संपला की तो जीपने इकडे. साप्ताहिकात आमची दोघांची मतं शेजारीशेजारी छापतात, आणि गेल्या कित्येक वर्षांत ती एकदाही जुळलेली नाहीत. वाचक म्हणे त्यासाठीच अंक घेतात.

पिक्चर: दुष्काळी गाव सोसायटी काढतं, सगळे मिळून विहीर खणतात. पण सांगितलंय कसं. आधी विहीर आटलेली, गाव मोडलेलं, बाया कोयते घेऊन ऊसतोडीच्या ट्रकात चढतात. आणि मग एकदम मागे, खणायचे दिवस. पाणी लागतं, पोरं चिखलात लोळतात, खेळ खलास. पुढे काय होणार ते आपल्याला आधीच कळलेलं, त्यामुळे ती पोरं बघवत नाहीत. रडलो. रुमाल नव्हता, बाहीने पुसलं.

शनि. ६ मे
लिहून टाकलं. मथळा: 'काळ उलटा फिरवणारा दिग्दर्शक'. असं धाडस आपल्याकडे कुणी केलं नाही वगैरे. झकास जमलंय. स्वतःच दोनदा वाचलं. कॉपी सातच्या एस.टी.ने रवाना.

रवि. ७ मे
शोभा शेजारणींबरोबर बघून आली. एरवी तिला माझे पिक्चर झेपत नाहीत. म्हणाली, "लई ग्वाड हाय. शेवटी पानी लागतंय तवा आमी समद्या टाळ्या वाजवत हुतो." चला, घरातलं एक मत पडलं.

बुध. १० मे
अंक आला. ना. सर लिहितात: 'सरळसोट गोष्ट. शेवटी गाव सोडण्याचा प्रसंग तेवढा काळजाला भिडतो.' सरळसोट? शेवटी? सर डुलकी काढत होते की काय. प्राध्यापकांना चष्म्याचा नंबर वाढलेला कळत नाही. शुक्रवारी मंडळात धरतो.

शुक्र. १२ मे
अंबाजोगाई, चित्रपट मंडळ. हॉल भरलेला. मी अर्धा तास फक्त शेवटावर बोललो. मेडिकलची एक मुलगी उभी राहिली. "सर, विहीर तर मध्येच आहे. शेवटी ते गाव सोडून जातात ना?" मी म्हटलं, "बाई, नीट बघितलं असतंत तर." लोक हसले, माझ्या बाजूने. मग तिच्यामागची दोन पोरं तेच म्हणाली, कोपऱ्यातले वकीलही. आता हसू माझ्यावर. मी हेका सोडेना. माझी बायकोसुद्धा तेच सांगते, असंही बोलून गेलो. आठवलं की अंग चोरावंसं वाटतं.

ना. उठले. आता सोलणार म्हणून बसलो, तर म्हणाले, चहा आलाय, बाकी नंतर. चहा आलेला नव्हता.

स्टँडवर सोडायला आले. दोघंच असलो की मी त्यांचा 'काळ्या', आणि बोली गावची. "काळ्या, आत्ता हितल्या टॉकीजवर इचारून आलो. तुझ्या शुक्रवारी मधल्या डब्याची जीप टँकरच्या गर्दीत अडकली हुती. शेवटचा डबा एस.टी.नं आधी पोचला."
"म्हंजे?"
"म्हंजे तुमच्याकडं मधला डबा शेवटी लावला, बे."
गाडी हलताना खिडकीशी येऊन म्हणाले, "मी कुनाला सांगत न्हाई." हेच जास्त लागलं. हसले असते तर परवडलं असतं.

रवि. १४ मे
दोन दिवस एकच विचार. शोभा रविवारी गेली होती. रविवारी कुठली जीप अडकली?

सकाळी टॉकीजवर. ऑपरेटर इस्माईल मशीन पुसत होता. आधी दार लोटून घेतलं. मग:
"शुकरवारी नाइलाज हुता साहेब. लोकं बोंबलली आसती, हाय तो डबा लावला. मधला आला तवा त्यो शेवटी लावला. तर बाया हसत घरी गेल्या."
"आणि शनिवारपासून?"
"डबे टायमात आले. पर ट्रकात चढून जानारी मान्सं ह्या बायांनी घरात बघितल्यात साहेब. पुन्ना तेच डोळ्यात घिऊन घरी कावून जावं? तसंच लावलं. आठवडाभर."
"शेठना ठाऊक आहे?"
"शेठ कुठं पिक्चर बघतो. कळलं तर त्याच दिशी घरी पाठवंल."

म्हणजे मी ज्याची पाठ थोपटली तो दिग्दर्शक पुण्यामुंबईचा नाहीच. तो गुरुवारपर्यंत इथे वर केबिनमध्ये घाम पुसत उभा होता. आणि मी मात्र खरोखर रडलो होतो. पहिल्यांदाच वाटलं, माझी नजर अगदीच वाया गेलेली नाही.

मंगळ. १६ मे
उद्याच्या अंकाला दुरुस्ती द्यायची. नुसतं 'चुकलो' लिहिलं तर लोक विचारणार, कसे. शुक्रवारच्या जीपवर ढकललं तर शोभासारख्या नंतर बघितलेल्या आहेतच. खरं लिहिलं तर इस्माईलच्या पोटावर पाय. सकाळच्या गाडीने ना.ची चिठ्ठी: 'तू काही लिहू नकोस. केजला निराळी प्रत आली होती असं मीच लिहितो.' हा माणूस छापात कधी खोटं बोललेला नाही. माझ्यासाठी बोलायला निघालाय. डोळे भरून आले, लपवत नाही. पण त्यांना हे करू द्यायचं नाही.

दुपारी संघात इस्माईल आला. खुर्ची दिली, बसला नाही. त्याच्याजवळ गेल्या बुधवारचा अंक, माझा मजकूर बाहेर येईल असा घडी घातलेला.
"कुनाकडनं तरी वाचून घेतला. हे समदं जे लिवलंय, धाडस न् काय काय... ते माझ्याबद्दल हाय व्हय?"
"तुझ्याबद्दलच."
त्याने अंकाची घडी पुन्हा नीट केली. मग म्हणाला, "नाव टाका साहेब."
"नोकरी जाईल."
"जाईल," म्हणाला, आणि गेला. त्याच्या घरी खाणारी पाच तोंडं. ती त्याला ठाऊक नाहीत असं थोडंच आहे.

स्टँडवर बसून लिहितोय. कागदावर अजून एवढंच: 'ऑपरेटर इस्माईल'. दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलंय. कॉपी पोचवणारी ही आजची शेवटची गाडी, आणि कंडक्टर खिडकीतून हात पुढे करून थांबलाय.