महिला राखीव

अप्पा, परवा संकष्टीला आपल्या पक्षाची माणसं घरी आली. वॉर्ड पुन्हा महिला राखीव झालाय, आणि तुमची लेक म्हणून मला उभं करायचं म्हणतात. बोलत होते ते मात्र तुमच्या नातवाशी, माझ्या मुलाशी. मी चहा गाळत होते. "काकूंची फक्त सही लागेल. बाकी दादा, तुम्हीच बघायचं," त्यातला मोठा म्हणाला, आणि तुमचा नातू नुसता फुलून गेला.

मला तुमचे ते दिवस आठवले. आनंदनगरच्या कारखान्यातली ड्युटी संपवून, गळ्यात भगवं उपरणं घालून तुम्ही अंबरनाथभर पक्षाची पोस्टरं चिकटवायचात. शर्टाला खळीचा वास यायचा. निवडणुकीत दोनदा पडलात तेव्हा कोपऱ्यावरचा पानवाला तुम्हाला चिडवायला आमदारसाहेब म्हणून हाक मारायचा, आणि तुम्ही त्याच्याकडेच पान खायचात. तिसऱ्यांदा नगरसेवक म्हणून निवडून आलात, गल्लीत नळ आणलात, आणि मग वॉर्ड बायकांना गेला. सगळे म्हणाले, वहिनींना उभं करा. तुम्ही जेवायला बसलाय, आई वाढतेय, मी ताकाचं भांडं धरून उभी आहे. तुम्ही म्हणता, "सही हिने करायची आणि खुर्चीत मी बसायचं, हे मला जमायचं नाही." पाण्याच्या मोर्च्यात सगळ्यांच्या पुढे असायच्या त्या बाईंना तुम्ही तिकीट मिळवून दिलंत, आणि त्यांच्यासाठी पुन्हा खळीची बादली उचललीत. बाकीचे बायकोच्या नावावर राज्य करत होते, तुम्ही खुर्ची सोडलीत. अजून कुणी तुमचा विषय काढला की माझी मान ताठ होते. फक्त आई तेव्हा भात वाढता वाढता म्हणाली होती, "खुर्चीत मी बसले असते. मला विचारलंत कुठे?" तुम्ही खाली बघून जेवत राहिलात.

परवा मी चहाचे कप ठेवले आणि त्या माणसांना म्हटलं, मी दहावी पास आहे, घरातला पै न् पैचा हिशेब ठेवते, पालिकेचाही समजून घेईन. उभी राहिले तर सभेला मीच जाणार, दादा घरी थांबेल. चहा पिऊन, विचारून सांगतो म्हणून गेले. नातू अजून माझ्याशी धड बोलत नाही. तुम्ही असतात तर हसला असतात.

आज सकाळी फोन वाजला तेव्हा त्यांचाच असेल म्हणून कणकेच्या हातानेच धावले. गॅसवाल्याचा होता. हे कुठे पाठवायचं नाही म्हणून लिहून टाकते, मला वाईट वाटलं.