रेडिओवर आत्या

३ मार्च
आज माझा आवाज रेडिओवर! सिडनीतल्या आमच्या टोंगन कार्यक्रमात, बायबलवाचन आणि रग्बीच्या मधे. आतड्याच्या कॅन्सरची तपासणी. सरकार घरी पाकीट पाठवतं, काडीनं शौचाचा नमुना घ्यायचा, नळीत घालायचा, पोस्टात टाकायचा. सगळं आपल्या भाषेत. आजवर ती पाकिटं इंग्रजीत यायची आणि सरळ कचऱ्यात जायची. नवरा म्हणाला, "झालीस बाई मोठी!" झालेच मुळी!

४ मार्च
एलेनोआवहिनीचा फोन. काल केलेपीदादा गाडी चालवत होता, ही शेजारी. रेडिओवर माझा आवाज आला, विषय कळला — त्यानं गाडी कडेला घेतली, खाली उतरला आणि पाठ करून उभा राहिला. माझं बोलणं संपेपर्यंत!

मूर्ख मी! बहिणीच्या तोंडून असलं भावानं ऐकायचं? आम्ही दोघं एका खोलीत बसून सिनेमासुद्धा पाहत नाही. आणि आमच्यात चुलत, मावस, मामे — सगळे भाऊच. म्हणजे सिडनीतल्या निम्म्या टोंगन पुरुषांनी रेडिओ बंद केला असणार. आरोग्यकेंद्रात नोकरीच माझी ती, डॉक्टरांना आमच्या रीती समजावत फिरते मी, आणि स्वतःच विसरले. भाषा बरोबर नेली, पण तोंड चुकीचं.

९ मार्च
दादाचं पाकीट टीव्हीजवळ विणलेल्या रुमालाखाली पडून आहे, वहिनी सांगते. तो बारीक झालाय. पट्ट्याला नवं भोक पाडलंय. बाबा ह्याच रोगानं गेले. भीती वाटते मला, आणि त्याच्यापाशी एक शब्द काढता येत नाही! नवऱ्याला पाठवलं. बाप्यांच्या बैठकीत कावा, आमचं ते मुळीचं गुंगीचं पेय, पिता पिता त्यानं विषय काढला.
"मग?"
"मग काय! केलेपीनं रग्बी काढली."

१० मार्च
सुचलं! लोसालिने आत्या! बाबांची थोरली बहीण. लग्न असो, मयत असो, पहिला मान तिचा. भाच्यांना ती वाट्टेल ते बोलू शकते, आणि भाचे हूं की चूं करत नाहीत. तिचे स्वतःचे भाऊ सगळे देवाघरी.
"मग आता मला लाज कुणाची?" म्हणते.

१८ मार्च
आत्याला रेडिओच्या स्टुडिओत नेलं. तिनं मी लिहून दिलेलं नीट वाचलं. मग कागद बाजूला ठेवला.
"ए दांडग्यांनो! तुमची दुपटी मी धुतलीत. त्यात काय असतं ते मला ठाऊक नाही होय? बादलीभर कावा ढोसताना लाजत नाही आणि एवढ्याशा काडीला लाजता? मुकाट्यानं करा आणि पाठवा. नाही तर माझ्या मयताला येऊ नका!"
रेकॉर्डिंगवाला पोट धरून हसला. मग हळूच म्हणाला, "माझंही घरी पडलंय."

२६ मार्च
चर्चनंतर जेवताना एकच विषय — आत्या! मयताला येऊ नका म्हणजे काय थोडं झालं? कावाच्या बैठकीत बाप्ये फुशारक्या मारतायत. "मी पाठवलं." "मी तर तुझ्या आधी!" ज्यांनी फेकून दिली ते नवी पाकिटं मागायला केंद्रात येतायत. आत्या मधोमध बसून डुकराची कुरकुरीत पाठ खात होती. फार बरं वाटलं. आपलं काम आवडतं मला, हे कधीतरी लिहून ठेवायला हवं. ठेवलं.

२ एप्रिल
रुमालाखालचं पाकीट गायब! वहिनीनं फ्रिज उघडला तर नळी आत, तारोच्या, म्हणजे अळूच्या, पानात गुंडाळलेल्या मटणाशेजारी. नमुना थंडच ठेवायचा असतो, पण सांगेल तर शपथ! ती किंचाळली म्हणे. आम्ही दोघी फोनवर हसून हसून दमलो.

२० एप्रिल
दादाच्या नमुन्यात रक्त सापडलंय. आतून तपासायला बोलावलंय. आज लिहवत नाही.

१४ मे
दादा आला, टोपलीभर तारोचे कंद घेऊन. स्वयंपाकघराच्या दारात, अंगणाकडे तोंड करून उभा.
"होतं. लहान होतं. काढलं. वेळेत आलास म्हणाले."
मी तारो सोलत राहिले. रडत होते, पण त्याची पाठ होती.
निघताना म्हणाला, "आत्यानं झापलं म्हणून केलं, असंच सगळ्यांना सांगतो मी. पण त्या दिवशी गाडीतून उतरलो ना, तेव्हा काच खाली करून उतरलो होतो."